किती पेपर राहिलेत?

माझी बी.ई. सहा वर्षांत झाली. २०१२ साली प्रवेश घेतला, २०१६ साली संपायला हवी होती, ती २०१८ साली संपली. आज हे मी सरळ लिहू शकते. मधली काही वर्षं मला ते स्वतःशीसुद्धा म्हणता येत नव्हतं. नापास होण्याने माझं जे नुकसान झालं, त्याच्या कितीतरी पट ते लपवण्याने झालं. हा हिशेब कुणी मला तेव्हा करून दाखवायला हवा होता असं मला अजून वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरात राहणारे. बाबा वीज खात्यात, आई शाळेत शिक्षिका, घरात आजी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. आमच्या भागात मराठी घरं पुष्कळ. कुणाची मुलगी पुण्याला गेली, कुणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली, हे संध्याकाळी भाजी घेता घेता सगळ्यांना कळतं. बारावीला मला ८४ टक्के मिळाले तेव्हाही असंच कळलं होतं, आणि तेव्हा ते मला आवडलं होतं. शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनला प्रवेश मिळाला. आमच्याकडे त्याला नुसतं ईसी म्हणतात.

पहिलं वर्ष निभावलं. तिसऱ्या सेमिस्टरला गणिताच्या तिसऱ्या पेपरात, म्हणजे एम-थ्रीमध्ये, बॅक लागली, म्हणजे मी नापास झाले आणि तो पेपर पुन्हा द्यायचा राहिला. बॅक लागणं आमच्या वर्गात काही नवलाचं नव्हतं. मुलं कँटीनमध्ये आपापल्या बॅक मोजून दाखवायची. पण मी शाळेत कधी नापास झाले नव्हते, त्यामुळे मला ते मोठ्याने म्हणता येईना. घरी म्हटलं, ‘‘रिझल्ट बरा आहे.’’ पुढच्या जूनमध्ये पुन्हा तो पेपर दिला, पुन्हा राहिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ती कळत नाही. इंजिनिअरिंगमध्ये एक विषय राहिला की तो एकटा राहत नाही. एम-थ्रीमधली लाप्लास आणि फूरिए ही गणितं मला नीट समजली नव्हती. पुढे ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ आला, तो तर सगळा त्यांच्यावरच उभा. त्यात बॅक लागली. मग कम्युनिकेशन, मग डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग. प्रत्येक ठिकाणी शिक्षक फळ्यावर लिहायचे, ‘हे तुम्हाला एम-थ्रीमध्ये झालंच आहे,’ आणि पुढे जायचे. हात वर करून ‘सर, नाही झालं’ म्हणायला फक्त एक क्षण लागला असता. मी तो कधीच घेतला नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पेपर तर मी जवळपास कोरा दिला. चौथं वर्ष संपलं तेव्हा माझे पाच पेपर राहिले होते.

पण ते पाच राहिले कसे, ते नीट सांगते. २०१४ च्या डिसेंबरच्या परीक्षेचे बॅकचे फॉर्म भरायचे होते. ऑफिसच्या खिडकीशी रांग होती आणि त्या रांगेत आमच्याच गल्लीतली, माझ्या एक वर्ष मागची मुलगी उभी होती. तिने मला बॅकच्या फॉर्मसह पाहिलं तर रात्रीपर्यंत आईच्या कानावर जाईल, या भीतीने मी मागे फिरले. उद्या येऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही ती दिसेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी तारीख संपली होती. एवढ्याशा कारणावरून माझी एक संधी गेली. त्यानंतरच्या जूनमध्ये फॉर्म भरला, पैसेही भरले, परीक्षेच्या दिवशी दारापर्यंत गेले. आत आमच्या ज्युनिअरची बॅच बसली होती. मी कँटीनच्या मागे तीन तास बसले आणि घरी जाऊन पेपर सोपा होता असं सांगितलं. पुढे प्रत्येक वेळी ‘आधी या सेमचे काढू, तो नंतर’ असं मी स्वतःला समजावत गेले.

एम-थ्री देऊन मी दोनदा नापास झाले. न देता सहा वेळा.

२०१६ च्या मे महिन्यात बॅचचा निरोपसमारंभ झाला. साडी नेसून गेले, फोटो काढले. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्यांची अट ठरलेली असायची: दहावीपासून सगळीकडे साठ टक्के आणि एकही बॅक शिल्लक नको. त्यामुळे मी त्या हॉलमध्ये पाऊलच टाकलं नव्हतं. मैत्रिणींना वाटायचं, मी गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करते आहे. मी त्यांना तसं वाटू दिलं. जूननंतर एक पुण्याला गेली, दोघी बंगळुरूला. ग्रुपवर रोज नव्या ऑफिसचे, नव्या खोलीचे फोटो. मी आधी ग्रुप म्यूट केला, मग बाहेर पडले. कुणी विचारलं नाही, आणि त्याचंही वाईट वाटलं.

घरी सांगितलं होतं की प्रोजेक्टचं थोडं काम बाकी आहे आणि सर्टिफिकेटला वेळ लागतो. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. राजीव गांधी चौकातून आयबस पकडायची आणि भंवरकुआला उतरायचं. इंदूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: भंवरकुआ म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसचा भाग. तिथे ‘लायब्ररी’ नावाच्या जागा असतात. पुस्तकं नसतात, प्लायवूडची पार्टिशन घातलेली टेबलं असतात, महिन्याच्या भाड्याने. एक खुर्ची, एक दिवा, एक प्लग. पैसे मी दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन भरायचे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या कप्प्यात बसायचे आणि खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मी काहीही वाचलं नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधड व्हायची. रात्री झोप नसायची, दिवसा कप्प्यात डोकं टेकून झोपायचे. त्या दिवसांत मनात काय काय येऊन गेलं ते सगळं इथे लिहिणार नाही. आता सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली. १४४१६ हा नंबर. मराठीतही बोलता येतं. असे दिवस चालू असतील त्याने तो फोन खरंच करावा, माझ्यासारखं कप्प्यात बसून राहू नये.

लोकांना टाळण्याचं तर माझं एक वेळापत्रकच झालं होतं. गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या एकांकिकेत मी शाळेपासून काम करत आले होते. २०१५ पासून तालमीला जाणं सोडलं, कारण तालमीला जमणाऱ्या मोठ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘काय गं, कितवं सेम?’’ लग्नांना जायचं सोडलं. मावशीकडे धारला जायचं सोडलं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात, आम्ही लहानपणी रात्रभर जागून बघायचो. दोन वर्षं मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. एकदा आजीने वधू-वर मेळाव्याचा फॉर्म आणला. शिक्षणाच्या रकान्यात आईने ‘बी.ई. (ईसी)’ लिहिलं आणि उत्तीर्ण वर्षाच्या रकान्याशी थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘लिही, २०१६.’’ तिने लिहिलं. त्या चार आकड्यांनी मला जितकं छळलं तितकं एकाही गुणपत्रिकेने छळलं नाही. तिच्या अक्षरात माझं खोटं होतं.

मग २०१७ चा जुलै आला. भावाचं बी.कॉम. झालं, तीन वर्षांत, फर्स्ट क्लासमध्ये. आईने पेढे आणले आणि आम्ही दोघं शेजारी द्यायला गेलो. समोरच्या काकूंनी पेढा घेतला, भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘‘आणि ताईचं सर्टिफिकेट आलं का रे?’’ मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ‘‘हो काकू, तिचं केव्हाच झालं. मार्क खूप छान आहेत तिला.’’

त्याला माहीत होतं. नंतर कळलं की वर्षभरापासून माहीत होतं, कॉलेजच्या संकेतस्थळावर माझा रोल नंबर टाकून त्याने निकाल पाहिले होते. आणि स्वतःच्या आनंदाच्या दिवशी तो माझ्यासाठी खोटं बोलला. जिना उतरताना मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना सांगितलं. त्या आधी कितीतरी वेळा मनात तयारी केली होती, पण तोंडातून एवढंच आलं: ‘‘बाबा, माझी डिग्री झालेली नाही. पाच पेपर राहिलेत.’’ आई ओट्याशी होती, तिथेच उभी राहिली. बाबा चिडले नाहीत. गप्प झाले, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. ते दोन दिवस फार कठीण गेले. आजीचं एकच म्हणणं होतं, ‘‘झालं ते झालं, पण बाहेर बोलू नका. मुलीची जात आहे.’’ आजीवर माझा राग नाही, तिने जे आयुष्य पाहिलं त्यात तेच शहाणपण होतं. पण त्याच सल्ल्यावर मी तीन वर्षं स्वतःहून चालत आले होते, आणि तो कुठे नेतो ते मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वीज खात्याचं एक जुनं वहीसारखं रजिस्टर आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. ‘‘लिही. विषयाचं नाव, कोड, किती वेळा दिला, किती मार्क पडले.’’ मी लिहिलं. पाच ओळी. त्या ओळींकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे एवढंच आहे. तोवर डोक्यात ते घरभर पसरलेलं होतं. बाबांनी दुसरा प्रश्न विचारला, जो मी कधी विचारलाच नव्हता: ‘‘मुदत किती आहे?’’

आम्ही दोघं स्कूटरवर कॉलेजात गेलो. खिडकीशी बसणाऱ्या ज्या क्लार्कना मी तीन वर्षं घाबरत होते, त्यांनी मान वर न करता नंबर विचारला, फाइल काढली आणि सांगितलं की अजून दोन परीक्षा हातात आहेत, त्यानंतर अर्ज करावा लागेल. त्यांच्यासाठी मी त्या दिवसातली अकरावी-बारावी माणूस असेन. मग मी नियम वाचायला लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१४ ची मार्गदर्शक सूचना आहे: अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या कालावधीनंतर साधारणपणे आणखी दोन वर्षं, आणि अपवादात्मक परिस्थितीत वर एक वर्ष, विद्यार्थ्याला पदवी पूर्ण करता यावी. प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा नियम असतो, तो त्या-त्या ऑफिसात जाऊनच विचारायचा. पण उशिरा पूर्ण करणारे विद्यार्थी असतात हे धरूनच हे नियम लिहिलेले असतात, हे वाचून मला जो दिलासा मिळाला तो कुणाच्या समजावण्याने मिळाला नव्हता. माझ्यासारख्यांसाठी कागदावर जागा होती.

अभ्यास मात्र एकटीने होईना. त्यात नशिबाने साथ दिली. खजुरी बाजारात जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच घेत होते, शेजारी एक मुलगा तेच संच मागत होता. एम-थ्रीचा. वयाने मोठा दिसत होता. एक्स-स्टुडंट, म्हणजे वर्षं संपूनही पेपर राहिलेले आमच्यासारखे, एकमेकांना ओळखतात, कसं ते सांगता येत नाही. तो खरगोनचा होता, भंवरकुआलाच खोली घेऊन राहायचा, गावी सगळ्यांना वाटत होतं की तो एमबीए करतोय. त्याच्या ओळखीची देवासची एक मुलगी होती, रोज ये-जा करायची. तिने जुना मोबाइल नंबरच बंद करून टाकला होता. आणखी एक इंदूरचाच मुलगा होता, वडिलांच्या दुकानात बसायचा आणि कॉलेज सोडलं असं सरळ सांगायचा, कारण ‘सोडलं’ म्हटलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. आम्ही चौघं. चार तऱ्हांनी तोंड लपवणारे.

सकाळी आठला एका ठेल्यावर पोहे खायला जमायचो आणि नमस्कार-चमत्कार न करता आकडे सांगायचो. ‘‘पाच.’’ ‘‘तीन.’’ ‘‘सात.’’ ‘‘दोन.’’ हे कुणी ठरवलं नव्हतं, पहिल्या दिवशी झालं आणि रोजचं झालं. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत, आजूबाजूला माणसं असताना ‘पाच’ म्हणायला मला पहिला आठवडा जड गेला. मग जीभ सैल झाली. आज वाटतं, माझी सगळ्यात उपयोगाची तयारी ती होती. लाप्लासच्या आधी मला तो आकडा बोलायला शिकायचं होतं.

खरगोनच्या मुलाचं गणित चांगलं होतं. तो इंग्रजीत उत्तर लिहिताना अडकायचा. त्याने मला फूरिए शिकवला, अगदी साइन वेव्ह म्हणजे काय इथपासून. मी त्याला लिहायला बसवायचे. डिसेंबरमध्ये मी तीन पेपर दिले. हॉलमध्ये माझ्या भावाच्या वयाची मुलं होती. सिग्नल्सच्या पेपराआधी व्हरांड्यात एक मुलगी रडकुंडीला आली होती, तिला कन्व्होल्यूशन जमत नव्हतं. मी तिच्याच वहीवर एक आकृती काढून दाखवली, एक सिग्नल उलटा करून दुसऱ्यावरून सरकवायचा. तिने विचारलं, ‘‘दीदी, आप टीचर हो?’’ मी सांगितलं, ‘‘नहीं, मेरी बैक है.’’ ती म्हणाली, ‘‘अच्छा,’’ आणि पुढचं गणित विचारलं.

तिन्ही पेपर निघाले. एम-थ्रीत ४१. त्या ४१ गुणांसाठी बाबा स्कूटरवरून जाऊन समोसे घेऊन आले. उरलेले दोन २०१८ च्या जूनमध्ये निघाले, आणि निकालाच्या दिवशी आईने पेढे आणले. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, ‘‘का नको? याचे आणले होते, तुझेही आणणार.’’ समोरच्या काकूंकडे मीच गेले. म्हटलं, ‘‘काकू, आज झाली माझी डिग्री. मागच्या वर्षी झाली नव्हती.’’ त्या क्षणभर गोंधळल्या, मग पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, ‘‘बस गं, चहा टाकते.’’ एवढंच. ज्या क्षणाला मी चार वर्षं घाबरले होते तो चहाबरोबर संपला.

सगळीकडे असं सोपं झालं नाही. प्रत्येक मार्कशीटवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे मुलाखतीत दडवता काही येत नाही. पहिल्या दोन ठिकाणी ‘सहा वर्षं का?’ यावर मी लांबलचक कारणं देत बसले, आजारपण, घरचं, कॉलेजचं, आणि देता देता स्वतःलाच खोटी वाटले. तिसऱ्या ठिकाणी, पीथमपूरच्या एका छोट्या कारखान्यात, मी म्हटलं, ‘‘गणित कच्चं होतं, त्यामुळे पाच विषय राहिले. दोन वर्षं जास्त लागली. आता ते विषय पक्के आहेत, विचारून बघा.’’ त्यांनी खरंच विचारलं. टेस्टिंग विभागात नोकरी लागली, पगार माझ्या मैत्रिणींच्या निम्मासुद्धा नव्हता. तो फरक भरून यायला बरीच वर्षं गेली, पूर्ण भरला असं अजूनही म्हणत नाही. दोन स्थळं त्या २०१८ मुळे परत गेली, तेही खरं. आईने नवा फॉर्म भरताना मला विचारलं नाही, स्वतःच २०१८ लिहिलं.

देवासच्या मुलीचं माझ्याच वेळी झालं. दुकानातल्या मुलाने एक पेपर ठेवून खरंच सोडलं, आणि तो सुखात आहे. खरगोनच्या मुलाला अर्ज करून वरचं एक वर्ष मागावं लागलं. त्याचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी मी रजा टाकली आणि गेटबाहेर थांबले.

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमारास समोरच्या काकू आल्या, मागे त्यांचा नातू. हातात कापडी पिशवी, तिच्यात घड्या घातलेल्या मार्कशीट. काकूंचे डोळे लाल होते. म्हणाल्या, ‘‘तू जरा बोल याच्याशी, आमचं काही ऐकत नाही.’’ तो जमिनीकडे बघत होता. मी त्या दोघांना बसवलं, कपाटातून बाबांचं ते रजिस्टर काढलं आणि नवं पान उघडलं.

‘‘किती?’’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘सात.’’

‘‘फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?’’

त्याला माहीत नव्हती. ऑफिस सकाळी साडेदहाला उघडतं. मी त्याला म्हटलं, दहाला तयार राहा, मी गाडी काढते.